मुद्दाम हाय का चुकून?

वाशी तालुक्यातल्या धनगरवाडीत बब्रुवान आबांच्या हाती कुणी काही दुरुस्तीला दिलं, की आबा आधी एकच प्रश्न विचारतात. "मुद्दाम हाय का चुकून?"

भजनी मंडळाच्या वीणेची तार उतरलेली असो, ढोलाचं पान सैल पडलेलं असो, नाहीतर कुणाच्या दाराची कडी तिरकी बसलेली असो, समोरच्यानं "चुकून" म्हटल्याशिवाय आबांचं बोट पुढं सरकत नाही. आता वीणा कोण मुद्दाम बेसूर करतंय हो? पण नाही! विचारणार म्हणजे विचारणार. वाडीतल्या पोरांना तर हा खेळच झाला होता. एखादा सायकलवरून आपटला, की गुडघा चोळत स्वतःच ओरडायचा, "आबा, चुकून बरं का!"

सून शिवकन्या नवीन नांदायला आली, तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडलं. आबांनी एक भुरका मारला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पोरी, मुद्दाम हाय का चुकून?" बिचारी चुलीपुढं बसून मुसमुसायला लागली. सासूनं, म्हणजे सिताबाईनं, तिला पोटाशी धरलं. "अगं, मनावर घेऊ नगंस. माझ्या लग्नात अंतरपाट एका बाजूनं खाली आलता, तर ह्यांनी भटजीलासुदीक हेच इचारलं. समदा मांडव हसला. म्या तवाच वळखलं, हे येडं न्हाय, पण ह्येला कुटंतरी चटका बसल्याला हाय."

चटका कसला, ते मात्र सिताबाईला पंचावन्न वर्षं कळलं नव्हतं.

तसं आबांचं बरं चाललेलं. एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते, घंटा कधी मिनिटभर मागंपुढं झाली नाही. पोरगा भागवत एसटीत कंडक्टर. दारात नावापुरती आठ मेंढरं, सांजेला लिंबाखाली बाज, आणि बायको बेंबळी गावची, तोंडानं फटकळ पण हातानं सढळ. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नाही. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा "मेंढरांच्या धन्याचं" म्हणून वेळ मारून नेली होती. दवाखान्यात, बँकेत कुणी "मालकाचं नाव?" विचारलं, की ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, "सांग की गं." शेजारीण नसली, तर तिथल्या साहेबाला सरळ कार्ड काढून द्यायची आणि वर म्हणायची, "लिवलंय त्येच्यावर. तुमी शिकल्यालं हाव न्हवं?"

आबांच्या आयुष्यातली एक गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच खरी वाटत नव्हती. आबा तरुणपणी सिकंदराबादला एका गोऱ्यासारख्या दिसणाऱ्या गिटारवाल्याकडे कामाला होते. पारावर विषय निघाला, की एखादा डोळा मिचकावायचा. "व्हय की! आन् आमचा आजा निजामाच्या मांडीला मांडी लावून जेवायचा." आबा भांडायचे नाहीत. हसून तंबाखू मळायचे.

पण ते खरं होतं. अगदी शंभर नंबरी खरं.

सन अडुसष्ट. बब्रुवान एकोणीस वर्षांचा. चुलता सिकंदराबादला घोंगड्या विकायला जायचा, त्याच्याबरोबर हाही गेला. रेल्वेवाल्यांच्या वस्तीत एका बंगल्यातून त्यांना हाक आली. आत एक उंच, सडपातळ माणूस, केस मानेवर रुळलेले, पायांत चपला नाहीत. डेस्मंड पिंटो त्याचं नाव. बाप रेल्वेचा ड्रायव्हर, आणि पोरगा विजेवरची गिटार वाजवणारा. त्यानं एक घोंगडी घेतली नाही, दोन घेतल्या नाहीत. गठ्ठ्यातल्या सगळ्या घेतल्या! चुलत्याला वाटलं, घरात लग्नकार्य असेल. तर साहेब म्हणाला, भिंतीवर ठोकायच्यात. आवाज बाहेर जातो आणि शेजारचे पोलीस बोलावतात.

चुलत्यानं कपाळाला हात लावला. सुगीभर बसून विणलेलं घोंगडं भिंतीला खिळ्यानं ठोकायचं! पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बब्रुवान खिळे मारायला थांबला. तो स्टुलावर उभा आणि खाली साहेब गिटार वाजवत बसलेला. दोन-तीनदा ऐकल्यावर पोराला राहवेना. तो वरूनच म्हणाला, "साहेब, खालनं तिसरी तार उतरली हाय."

साहेबानं तार तपासली. खरंच उतरली होती, केसाएवढी. त्यानं मान वर केली. "तेरे कू कैसा मालूम रे?"

कसं मालूम म्हणजे? बापाच्या एकशेवीस मेंढरांत कुठल्या मेंढीचा आवाज कुठला आणि कुठल्या घंटीला चीर गेलीय, हे अंधारात सांगणारा पोरगा तो. बापानं लहानपणापासून एकच शिकवलेलं, "कळपातलं एक मेंढरू भाईर असताना जो भाकरी मोडतो, त्यो धनगर न्हवं." सहा तारा म्हणजे सहा मेंढरं. त्यात काय एवढं?

चुलता एकटाच गावी परतला. बब्रुवान साहेबाकडं राहिला.

काम काय? पेट्या उचलायच्या, वायरी गुंडाळायच्या, तारा बदलायच्या, खुंट्या पिळून सूर लावून ठेवायचे. साहेबाच्या तऱ्हा एकेक अशा, की ऐकणाऱ्यानं खुळ्यात काढावं. लोकांकडं पाठ करून वाजवायचा. छताचा पंखा घरघरला, की म्हणायचा, बंद करू नका, तोही आपल्यात वाजवतोय. गाणं वाजवताना कुणी खोकला, कुणाचा कप फुटला, तरी ते त्याला गाण्यातलंच वाटायचं. आणि एक नेम पक्का: कुठलंही नवं गाणं तबकडीसाठी भरायचं, तर एकदाच वाजवायचं. पुन्हा नाही. "बार-बार पकाया तो चावल की लेई होती," असं म्हणायचा. त्याच्या चौघांच्या टोळीचं नाव होतं रेड सिग्नल. मोठ्या ढोलावर लाल सिग्नलचं चित्र बब्रुवाननंच रंगवलं होतं. सिग्नलचा हात जरा वाकडा आला होता. तो पुसायला निघाला, तर साहेबानं हात धरला. "रैने दे. अच्छा है."

माणूस लाखात एक होता. पोराला समोर बसवून जेवू घालायचा. त्याला "बब्रू" म्हणायचा. चहा झाला, की दुसरं कुणी पिण्याआधी ओरडायचा, "बब्रू किधर है? उसकू चाय दो पैले." गावाकडं ज्याला मेंढक्या म्हणून कुणी ओट्यावर चढू देत नव्हतं, त्याला इथं पहिला चहा!

पाच महिने असे गेले आणि मद्रासहून बोलावणं आलं. तबकडी भरायची. टोळीची पहिलीच.

मद्रासला आवाज भरायच्या खोलीत साहेबानं गिटार स्टुलाला टेकवली आणि बाहेर विडी ओढायला गेला. बब्रुवान एकटाच होता. सवयीनं त्यानं एकेक तार छेडून पाहिली. पाच नीट. सहावी, सगळ्यांत जाड तार, पार ढिली. नुसती उतरलेली नाही, खड्ड्यात गेलेली. साहेबाची पहिली तबकडी आणि एक मेंढरू कळपाबाहेर! त्यानं खुंटी पिळली, कान लावला, आणखी जरा पिळली. तार जागेवर आली. त्यानं गिटार होती तशी टेकवून ठेवली आणि काचेपलीकडं जाऊन उभा राहिला. मनात म्हणाला, देवा बिरोबा, वेळेवर ध्यानात आलं.

लाल दिवा लागला. साहेबानं जाड तारेवर पहिला हात मारला.

त्या क्षणाला साहेबाची मान अशी काही वळली! डोळे मोठे झाले, काचेतून सरळ बब्रुवानकडं. आणि बब्रुवानला एका दमात सगळं कळलं. ती तार साहेबानं स्वतःच्या हातानं उतरवली होती. मुद्दाम. मालगाडी पुलावरून जाताना जो खालचा घुमारा येतो, तो त्याला हवा होता. त्याचसाठी आठ दिवस तो कोपऱ्यात बसून तीच तार खालीवर करत होता. आणि पोरगं समजत होतं, साहेबाची खुंटी सुटतेय.

आणि गाणं तर एकदाच वाजणार.

तो तिथं थांबलाच नाही. गाणं चालू असतानाच पिशवी उचलली, भर दुपारी विचारत विचारत स्टेशन गाठलं. सोलापूरला उतरला, तिथून एसटीनं घरी. बापाला सांगितलं, साहेब परदेशी गेला. पुढं काही वर्षांनी चुलता सिकंदराबादला जाऊन आला, तर त्या बंगल्यात दुसरेच लोक होते. साहेब खरंच ऑस्ट्रेलियाला गेला होता. खोटं बोललेलं खरं झालं, पण त्यानं मनातलं गेलं नाही. ज्यानं पहिला चहा दिला, त्याचं पहिलं गाणं आपण नासवलं. आणि वर तोंड लपवून पळालो.

तेव्हापासून तो प्रश्न. मुद्दाम हाय का चुकून?

आता गेल्या साली काय झालं, ते ऐका. कळंबला योगीराज म्हणून एक जण आहे, स्पीकर दुरुस्त करतो. पन्नाशीचा माणूस, पण जुन्या तबकड्यांचं भारी वेड. हैदराबादच्या जुन्या बाजारातून ढिगानं उचलून आणतो, बायकोच्या शिव्या खातो आणि वाजवत बसतो. भजनी मंडळाचा स्पीकर घेऊन आबा बाजाराच्या दिवशी त्याच्याकडं गेले. नेहमीप्रमाणं स्पीकर फळीवर ठेवला आणि समोरच्या तबकड्यांच्या ढिगाकडं सहज नजर गेली.

वरच्या छोट्या तबकडीच्या खोळीवर लाल सिग्नल होता, ढोलावरचाच. हात वाकडा.

आबा मटकन स्टुलावर बसले. योगीराज म्हणाला, "आबा, पाणी देऊ का? ती व्हय? हे बँडवालं कोण, कुठलं, पत्ता न्हाय. मोबाइलवर लई हुडकलं, नावनिशाण न्हाय. लावू का?"

"नगं!" आबा एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या रसवंतीवाल्यानं डोकावून पाहिलं. स्पीकर तिथंच टाकून आबा एसटी स्टँडवर आले.

पुढचे तीन आठवडे आबांच्या घशाखाली घास नीट उतरेना. शिवकन्यानं एकदा आमटी अळणी केली, तरी प्रश्न नाही. ती घाबरून सासूकडं गेली. "आत्याबाई, मामांनी इचारलंच न्हाय."

सिताबाईनं सांजेला आबांना बाजेवर गाठलं. "अवो, काय झालंय ते बऱ्या बोलानं सांगा. न्हायतर भागवतला सांगून दवाखान्यात न्हेते, थितं तुमचं नाव सांगायला शेजारीण न्हाय, म्हून लई वेळ लागंल."

आबा हसले आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. पंचावन्न वर्षं झाकून ठेवलेलं सगळं त्यांनी त्या बाजेवर सांगून टाकलं. तार, खुंटी, काच, साहेबाचे डोळे, सगळं.

सिताबाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "एवढंच? म्या समजत हुते, थितं एखादी बाई हुती."

"अगं, त्या माणसाचं गाणं बिघडलं माझ्यामुळं!"

"बिघडलं हे कुणी सांगितलं? ऐकलंय का तुमी?"

"ऐकायचं धाडस न्हाय. बिघडल्यालं कानानं ऐकलं, तर मला मरतानासुदीक त्येच ऐकू येईल."

"मग म्या ऐकते," सिताबाई म्हणाली. "म्याबी धनगराचीच लेक हाय, कान हायत मला. तुमी भाईर बसा. वाईट आसलं तर म्हणीन, चला घरी. चांगलं आसलं तर म्हणीन, चला आत. मधलं काय इचारायचं न्हाय."

पुढच्या बाजाराला दोघं कळंबला गेले. सिताबाई आत गेली, योगीराजनं दार ओढून घेतलं. आबा बाहेर पालथ्या घातलेल्या स्पीकरच्या खोक्यावर बसले. रसवंतीवाल्यानं रस आणून दिला, तो हातातच राहिला. बाजाराचा गलका, म्हशींचं हंबरणं, कांद्यावाल्याची आरोळी. आबांनी दोन्ही कान उपरण्यानं बांधून घेतले होते. बाजारातले लोक बघून जात होते, म्हातारबाचा कान ठणकतोय वाटतं.

गाणं संपायला चार मिनिटं लागली असतील. आबांना ती दुपार सरेना.

दार उघडलं. सिताबाई उंबऱ्यात उभी. आबांनी उपरणं सोडलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती "चला घरी" म्हणेना, "चला आत"ही म्हणेना. पदरानं नुसते डोळे टिपत होती.

"सांग की गं," आबा म्हणाले. "न्हाय गं सोसत."

"पैल्यांदा चुकलं," सिताबाई म्हणाली. "खरंच चुकलं, मलाबी कळलं. आन् मग... मग एक मेंढरू वरून खाली उतराय लागलं. सावकाश. ओढ्याच्या वगळीत उतरावं तसं. आन् समदा कळप त्येच्या मागं मागं खाली गेला. मला तर लई ग्वाड वाटलं बगा."

"मग रडतीस कशाला?"

"शेवटाला बोलतंय कुणीतरी. साहेबच आसंल त्यो. एक नाव घेतंय." तिनं पदर तोंडावर धरला. "ते मला घेता येत न्हाय. तुमीच चला आत."

आबा उठले, तेव्हा रसाचा पेला खाली पडला. तो कुणी उचलला, त्यांना कळलं नाही.

योगीराजनं सुई पुन्हा ठेवली. आधी पंख्याची घरघर. मग जाड तारेवरचा तो पहिला हात, ताठ, नको तिथं उंच. आबांनी डोळे गच्च मिटले. आणि मग ऐकू आलं, ते काचेपलीकडून पाहायचं त्यांचं राहून गेलं होतं. साहेब थांबला नव्हता. तार वाजत असतानाच त्यानं डाव्या हातानं खुंटी फिरवली, सावकाश, आणि तो आवाज घसरत घसरत खाली गेला. दुसरी गिटार बावचळली, मग तीही खाली आली. ढोल त्यांच्या मागं आला. सगळे जण खाली पोचले आणि तिथून गाणं जे काही चाललं! पुलावरून मालगाडी. पुढं आणखी दोनदा साहेबानं तार वर चढवली आणि तशीच उतरवली, आता मुद्दाम.

"आबा, ह्यो उतार ऐकला का?" योगीराज हळूच म्हणाला. "माझ्याकडं पाचशे तबकड्या हायत. पर आसं कुणी केल्यालं म्या ऐकलं न्हाय. ह्यो माणूस हिकमती हुता."

गाणं संपलं. पंख्याची घरघर उरली. खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि एक माणूस पोट धरून हसतोय, हसता हसता दम लागलेला, आणि ओरडतोय, "बब्रू किधर है रे? बुलाओ उसकू! उसकू चाय दो पैले!"

खट्ट. सुई कडेला आली.

आबा स्टुलाला धरून उभे होते. शाळेत हजेरी घेताना पोरं उभी राहतात, तसे अगदी ताठ. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"हाय साहेब," ते तबकडीकडं बघत म्हणाले. "इथंच हाय. जरा उशीर झाला."

योगीराजनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि मोठ्या आवाजात बाहेर रसवंतीवाल्याला सांगितलं, रस राहू दे, तीन चहा सांग. मग तो तबकडी उचलून खोळीत घालायला लागला, तर सिताबाईनं त्याचा हात धरला.

"लेकरा, परत लाव."

"आक्का, समदं गाणं?"

"न्हाय रं. ते शेवटचंच. नाव घेतंय थितलं."

योगीराजनं सुई शेवटाला ठेवली. बब्रू किधर है रे. सिताबाई म्हणाली, आणखी एकदा. त्यानं आणखी एकदा लावलं. आबा चहा पीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. योगीराजनं मात्र पाहिलं. तिसऱ्या खेपेला पदराआडून सिताबाईचेही ओठ हलले.